पावणेतीन किलोचा व्हीआयपी

माझी भाची इटलीत असते, रोम-मिलान वगैरे नाही, सार्डिनिया नावाचं त्यांचं मोठं बेट आहे तिथे काल्यारी शहरात पीएचडी करते. तिच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत आणि भाचीची मावशी, म्हणजे मी, एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे हे कळल्यापासून त्या तिला धड जेवू देत नाहीत, रोज काहीतरी विचारायचं असतंच. तर या बाईंनी मागच्या महिन्यात सांगितलं की त्यांचा नातू जन्मला तेव्हा निळा पडला होता आणि त्याला मिलिटरीच्या विमानाने रोमला नेलं. भाचीचा मला व्हॉइस मेसेज: मावशी, असं खरंच करतात का गं, का म्हातारी रंगवून सांगतेय?

मी नाईटला होते. ऐकून पहिला प्रश्न माझ्या डोक्यात काय आला असेल, तर बाळ इंट्युबेटेड होतं का, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घातली होती का, आणि असेल तर ट्यूब कशी फिक्स केली होती. तसं विचारलंही. "मावशी, मला काय माहीत?" हे उत्तर आलं आणि ते बरोबरच होतं.

पण म्हातारी रंगवून सांगत नाहीये. इटलीत हे इतकं नेहमीचं आहे की तिथल्या पेपरात चार ओळींची बातमी येते आणि लोक पान उलटतात. सार्डिनियाची लोकसंख्या सोळा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढी. तिथे चांगली हॉस्पिटलं आहेत, एनआयसीयू आहेत, पण नवजात बाळाच्या हृदयाचं गुंतागुंतीचं ऑपरेशन असेल तर बाळाला समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर न्यावं लागतं, बहुतेक वेळा रोमच्या बाम्बीनो जेझूमध्ये नाहीतर जिनोआच्या गास्लीनीमध्ये. बाम्बीनो जेझू म्हणजे बाळ येशू, १८६९ साली सुरू झालेलं लहान मुलांचं हॉस्पिटल, १९२४ पासून व्हॅटिकनच्या मालकीचं. गास्लीनी १९३८ चं, एका उद्योगपतीने लहानपणीच वारलेल्या मुलीच्या आठवणीसाठी बांधलेलं. आणि मधे समुद्र. काल्यारीहून रोमजवळच्या बंदराला जायला बोटीला अख्खी रात्र लागते. बाळाला रात्र नसते.

म्हणून विमान. ते कुठलं, तर रोमच्या चाम्पीनो विमानतळावर इटालियन हवाई दलाचा ३१ वा स्टॉर्मो आहे (स्टॉर्मो म्हणजे आपल्या हवाई दलातल्या विंगसारखी तुकडी), त्यांची फाल्कन ५० आणि फाल्कन ९०० ही जेट. राफेल बनवणाऱ्या दासो कंपनीचीच, तीन इंजिनांची, आतून गुबगुबीत खुर्च्यांची. आता गंमत बघा, या स्टॉर्मोचं मुख्य काम काय? राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री यांना इकडून तिकडे नेणं. २०१३ च्या फेब्रुवारीत पोप बेनेडिक्ट पद सोडून व्हॅटिकनमधून निघाले ते पांढरं हेलिकॉप्टर टीव्हीवर पाहिलं असेल, तेही याच लोकांचं. आणि त्याच लोकांचं दुसरं काम म्हणजे फोन आला की खुर्च्यांच्या जागी इनक्युबेटर चढवून पावणेतीन किलोच्या माणसाला न्यायचं. आपल्याकडे व्हीआयपी मूव्हमेंट म्हटलं की अँब्युलन्स सिग्नलला अडकून पडते. तिकडे व्हीआयपीचंच विमान अँब्युलन्स होतं. मला हे ऐकून बरं वाटलं आणि थोडा रागही आला, दोन्ही एकदम.

ट्रान्सपोर्ट इनक्युबेटरला इटालियनमध्ये 'कुल्ला तेर्मिका' म्हणतात. भाचीने हे गंभीर आवाजात सांगितल्यावर मी आणि माझी ज्युनिअर दोघी पाच मिनिटं हसत होतो, सॉरी, पण मराठी माणसाचं काय होणार दुसरं. अर्थ मात्र फार गोड आहे, कुल्ला म्हणजे पाळणा, गरम पाळणा.

आता हे सगळं मला इतकं का लागलं ते सांगते, नाहीतर वाटेल मावशी उगाच इटलीचं कौतुक करत बसली.

मी या कामात एकोणीस वर्षं आहे. सुरुवातीची काही वर्षं सांगली भागात एका हॉस्पिटलमध्ये होते, नाव घेत नाही. तेव्हा १०८ नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ ला आली. एका रात्री आमच्याकडे असंच बाळ आलं, पूर्ण दिवसांचं, वजन छान, रडणं छान, आणि तीन-चार तासांत ओठ निळे, ऑक्सिजन लावला तरी सॅच्युरेशन साठ-पासष्टच्या वर जाईना. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना कळेल. बाळ धापा टाकत नाही, शांत असतं, फक्त निळं असतं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल झालेली असते, शरीराकडून आलेलं रक्त पुन्हा शरीराकडेच आणि फुप्फुसाचं पुन्हा फुप्फुसाकडे, दोन सर्किटं वेगवेगळी फिरत राहतात. पोटात असताना सगळ्या बाळांना एक जोडवाट असते, डक्टस म्हणतात तिला, ती जन्मानंतर बंद व्हायला लागते आणि या बाळांचं जगणं त्या वाटेवरच असतं. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप लावतात, सिरिंज पंपावर, अगदी थेंबाथेंबाने. आणि त्या औषधाचा साइड इफेक्ट काय, तर बाळ श्वास घ्यायचं विसरतं. म्हणजे वाट उघडी ठेवायची तर श्वासावर डोळे लावून बसायचं.

पुण्याला न्यायचं ठरलं. गाडी साधी, ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर वगैरे प्रकार तेव्हा आमच्याकडे नव्हताच, बाळ कापसात आणि दुपट्यात गुंडाळलेलं, आजूबाजूला रबरी ग्लोव्हजमध्ये कोमट पाणी भरून गाठ मारून ठेवलेलं. हे आज कुणी केलं तर मीच ओरडेन, भाजतं बाळ त्याने. पण तेव्हा केलं. आत एक मी, एक हाऊसमन डॉक्टर जो माझ्यापेक्षा लहान होता आणि घाबरलेला होता, पुढे बाळाचे वडील. साताऱ्याच्या पुढे बाळाने श्वास थांबवला, अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, दिला, परत सुरू झाला, परत थांबला. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते एस वळण आहे ना, तिथे ड्रायव्हरने गाडी अशी वळवली की पंपाची लाइन ओढली गेली, अंधारात टॉर्च तोंडात धरून मी ती शोधतेय, डॉक्टर एका हाताने बॅग दाबतोय. पुण्यात पोचलो तेव्हा बाळाचं टेम्परेचर ३४.२ होतं. साडेछत्तीसच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. ते बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. ऑपरेशनपर्यंत पोचलंच नाही.

कोण चुकलं असं नाही म्हणता येणार, सगळ्यांनी जीव तोडून केलं होतं. पण जीव तोडणं हीच तिथे अडचण होती, दुसरं काही नव्हतंच हाताशी.

म्हणून मी भाचीला पन्नास प्रश्न विचारले आणि तिने बिचारीने म्हातारीकडून आणि तिच्या मुलाकडून, म्हणजे बाळाच्या बापाकडून, उत्तरं आणली. बापाचं म्हणणं असं की त्याला काहीच करावं लागलं नाही. हॉस्पिटलने प्रेफेत्तूराला कळवलं, प्रेफेत्तूरा म्हणजे आपलं कलेक्टर ऑफिस समजा. तिथून रोममध्ये हवाई दलाची एक कंट्रोल रूम आहे जी असल्या उड्डाणांचंही बघते, तिला फोन. तिथून त्या क्षणी तयार असलेल्या क्रूला. बस. पैशाचं कुणी विचारलं नाही, ओळख कुणाची आहे का असंही नाही. बाप सांगतो की मला वाटलं आता कुणाच्या तरी पाया पडावं लागणार, तर डॉक्टर म्हणाले जॅकेट घेऊन या, गाडी निघतेय. साधारण चारशे किलोमीटर, हवेत तासापेक्षा कमी, आणि चाम्पीनोला अँब्युलन्स धावपट्टीच्या कडेला आधीच उभी. विमानात बाळ, हॉस्पिटलचेच डॉक्टर आणि नर्स, आणि बाप. पायलट लोक बाळाला हात लावत नाहीत हे लक्षात घ्या, ते त्यांचं काम नाही. त्यांचं काम वेगळं आहे.

वेगळं म्हणजे काय, इथे मला जरा रमायचंय, कारण हे बातम्यांत कधी येत नाही.

आपण नेहमीच्या विमानात बसतो तेव्हा आतली हवा जमिनीसारखी नसते, सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ असते. महाबळेश्वर साडेचार हजार फूट, म्हणजे जास्तीत जास्त त्याच्या पावणेदोन पट उंचीवर बसल्यासारखं. तुम्हाला मला काही होत नाही, कान बंद होतात तेवढंच. पण हवा विरळ झाली की बंद जागेतला वायू फुगतो, आठ हजार फुटाला साधारण एक तृतीयांशाने. बाळाच्या पोटातली हवा फुगते, ती पोट आणि छातीमधल्या पडद्याला वर ढकलते, आधीच अंगठ्याएवढ्या फुप्फुसाला जागा कमी पडते, म्हणून पोटात नळी घालून उघडी ठेवायची. आणि फुप्फुसाभोवती बारीकशी हवा गळलेली असेल, जी जमिनीवर एक्स-रेत जेमतेम दिसत होती, तर ती वर गेल्यावर बाळाला मारू शकते. त्यात ज्या बाळाचं सॅच्युरेशन मुळातच सत्तर आहे त्याच्यासाठी ऑक्सिजन अजून कमी. मग डॉक्टर पायलटला सांगतात, केबिन जमिनीच्या प्रेशरला ठेवा. त्यासाठी विमान खालून उडवावं लागतं, खाली इंधन जास्त जळतं, ढगांचे धक्के जास्त बसतात, आणि धक्के परत बाळाला चालत नाहीत, विशेषतः कमी दिवसांच्या बाळांना, त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या ओल्या कागदासारख्या असतात. म्हणजे किती उंचीवरून जायचं हा निर्णय पायलट आणि डॉक्टरने मिळून घ्यायचा असतो, दर वेळी नवा. सावकाश उचलणं, सावकाश उतरवणं, ब्रेक हळू. मंत्र्याला नेताना जे कौशल्य वापरतात तेच असेल बहुधा, की साहेबांची कॉफी सांडता कामा नये.

आणि आवाज. विमानात स्टेथोस्कोप निरुपयोगी, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आम्ही नर्सेस बाळाला कानाने ओळखतो हो, त्याचं कण्हणं, ट्यूबमधली घरघर, पंपाचा बीप. ते सगळं काढून घेतलं तर उरतात फक्त डोळे, छाती वर येतेय का, मॉनिटरवर आकडा काय, त्वचेचा रंग काय, आणि रंगसुद्धा केबिनच्या पिवळ्या दिव्यात फसवतो.

पण सगळ्यात धोक्याची गोष्ट कुठली विचाराल तर ती हवेत नसतेच. ती असते शिफ्टिंगमध्ये. वॉर्मरवरून इनक्युबेटरमध्ये, वॉर्डातून अँब्युलन्समध्ये, अँब्युलन्समधून विमानात, परत अँब्युलन्स, परत वॉर्ड. प्रत्येक वेळी ट्यूब हलते, लाइन ओढली जाते, सिलिंडर बदलावा लागतो, आणि प्रत्येक दार उघडलं की ऊब जाते. ट्यूब एक सेंटिमीटर सरकली तरी बाळाच्या बाबतीत ती बाहेर आलेली असते किंवा एकाच फुप्फुसात गेलेली असते. व्हेंटिलेटर, सिलिंडर, मॉनिटरसकट ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर शंभर किलोच्या पुढे जातो, आणि ते धूड फाल्कनच्या अरुंद दारातून तिरकं न करता चढवायचं. बाप सांगतो, सहा माणसांनी धरलं होतं आणि एक जण फक्त 'हळू, हळू' म्हणत होता. तो एक जण नर्स असणार, मी पैज लावते.

याच कारणाने मला त्यांच्या दुसऱ्या विमानाचं फार कौतुक वाटलं. पीसाला, तो कलता मनोरा आहे तिथेच, त्यांची ४६ वी ब्रिगेड आहे, तिच्याकडे सी-१३० जे आहेत, ते हर्क्युलिस, चार पंख्यांचं अवाढव्य मालवाहू, आपल्या हवाई दलाकडेही आहे. त्याचं शेपटीकडचं दार रॅम्पसारखं खाली येतं आणि अख्खी अँब्युलन्सच आत चालत जाते. बाळ अँब्युलन्समध्येच, अँब्युलन्स विमानात, तिकडे उतरली की सरळ रस्त्याला. दोन शिफ्टिंग वाचली! आवाज भयानक, थरथर भयानक, बाळाच्या कानावर छोटे मफ लावावे लागतात, फाल्कनच्या मानाने हळू, आणि तरीही मला कुणी चॉइस दिला तर काही बाळांसाठी मी डोळे झाकून तेच घेईन. अर्थात मला कोण विचारतंय.

एक गोष्ट मात्र तिकडेही तशीच आहे. आई मागे राहिली. सिझर झालेलं होतं, दुसरा दिवस, तिला कुणी विमानात बसवेना. बाळ रोममध्ये, नवरा रोममध्ये, आणि ही काल्यारीत प्रसूती वॉर्डात जिथे आजूबाजूच्या सगळ्या बायकांच्या कुशीत बाळं. म्हातारी म्हणते की सुनेने चार दिवस कुणाशी बोलणंच टाकलं होतं, फक्त दर तीन तासांनी दूध काढायची. ते दूध रोमला जाणारच नव्हतं, पण आटू नये म्हणून काढायची.

इथे मला लेहचं ते बाळ आठवलं, २०२० चं, कोरोनाच्या काळातलं. अन्ननलिकेचा दोष म्हणून बाळाला दिल्लीला आणून ऑपरेशन केलं, आई लेहला अडकली, आणि महिनाभर रोज तिचं दूध विमानाने दिल्लीला जात होतं, ओळखीपाळखीतले, विमानतळावर काम करणारे, प्रवासी, कुणी ना कुणी डबा घेऊन. ती साधी प्रवासी विमानं होती, मिलिटरीची नव्हेत. पण आपल्याकडे मिलिटरी काही करत नाही असं समजू नका. झोजिला घाट बंद झाला की कारगिलच्या लोकांना हवाई दलाचं एएन-३२ ने-आण करतं, कारगिल कुरिअरच म्हणतात त्याला. लक्षद्वीपमधून पेशंटला कोचीला आणायला नेव्ही आणि कोस्ट गार्ड उडतात, पावसाळ्यातसुद्धा. माणसं तीच आहेत, धाडसही तेच आहे, उलट आपल्या पायलटना हवामान जास्त वाईट मिळतं.

आणि विमान नसलं तर काहीच होत नाही असंही नाही. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटामध्ये इनक्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीवर उघड्या अंगाला बांधली, त्यालाच आपण आज कांगारू केअर म्हणतो. बाळ स्थिर असेल तर तालुक्याहून जिल्ह्याला नेताना आईच्या किंवा बापाच्या छातीला बांधून नेणं हे कित्येकदा त्या ग्लोव्हजच्या पाण्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. फुकट आहे, बॅटरी लागत नाही. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे धोका आधी कळला असेल तर बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या हॉस्पिटलला हलवणं, आमच्यात म्हणतातच की गर्भाशयासारखा ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर नाही. सोनोग्राफीत चौथ्या-पाचव्या महिन्यात हृदय नीट पाहिलं असतं तर त्या सांगलीच्या बाळाची आई पुण्यातच बाळंत झाली असती. असो. निळ्या बाळाला छातीशी बांधून भागत नाही, त्याला पंप लागतो, ऑक्सिजन लागतो, माणूस लागतो.

नातू आता सहा वर्षांचा आहे. ऑपरेशन पहिल्या दोन आठवड्यांतच झालं, छातीवर उभी रेघ आहे, समुद्रावर शर्ट काढायला लाजत नाही, फुटबॉलमध्ये गोलकीपर व्हायचंय. आजीला मी भाचीकडून विचारलं की त्या पायलटांना तुम्ही नंतर भेटलात का. नाही म्हणाली. नावही माहीत नाही. बापाला फक्त एवढं आठवतं की चाम्पीनोला उतरल्यावर एक युनिफॉर्मवाला खाली उभा होता, अँब्युलन्सचं दार लागेपर्यंत तो हलला नाही, आणि मग मागे वळून लगेच विमानाच्या चाकाजवळ काहीतरी तपासायला लागला. बापाला तेव्हा त्याचा थोडा राग आला होता, एक शब्द तरी बोलायचा.

मला नाही आला. तो पुढच्या फोनची तयारी करत होता. त्या लोकांचं सगळं वर्षाचे ३६५ दिवस, दिवसरात्र तयार असतं, क्रू कपडे घालून, इंधन भरून, आणि यातल्या बहुतेक रात्री काहीच घडत नसणार, चहा पिऊन, कॉफी म्हणा, पत्ते कुटून सकाळ होत असणार. तेच अवघड आहे. उडणं नाही हो, न उडता तयार राहणं.

मी आता ज्या हॉस्पिटलमध्ये आहे तिथे दोन वर्षांपूर्वी ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर घेतला. छान आहे. बॅटरी चार तास चालते असं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. भाचीशी हे सगळं बोलणं झालं त्या रात्री वॉर्ड शांत होता, म्हणून मी तो कोपऱ्यातून ओढून बाहेर काढला, प्लग काढला, ३६ अंशाला लावला आणि घड्याळ बघत बसले. एक तास दहा मिनिटांनी अलार्म वाजला. ज्युनिअर दचकून म्हणाली सिस्टर, कुठलं बाळ? म्हटलं कुठलंच नाही, पेन आण. रजिस्टरमध्ये लिहिलं, तारीख, वेळ, मिनिटं, सही. सकाळी मेंटेनन्सला फोन केला तर म्हणाले मॅडम, सध्या पेशंट नाहीये ना, मग सोमवारी बघू.

सोमवारी माझी डे आहे. बघतेच.